कोबाल्ट, बेकन आणि वॉशिंग्टनची तिजोरी

१९५९ साल सरत असताना अमेरिकेच्या लष्करानं एक ठरलेलं केंद्र बांधायचं नाही असा निर्णय घेतला. कॅलिफोर्नियात स्टॉकटन शहराजवळ शार्प जनरल डेपो हे लष्कराचं मोठं कोठार होतं. त्याच्या आवारात सैनिकांचं अन्न किरणांनी निर्जंतुक करणारं केंद्र उभं राहायचं होतं. योजना भव्य होती. खास अन्नासाठी बांधलेली अणुभट्टी आणि जोडीला वेगवान इलेक्ट्रॉनांचा झोत सोडणारं लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर अशी दुहेरी व्यवस्था तिथं असणार होती. जागा ठरली होती, आराखड्यांवर काम चालू होतं, आणि मग लष्करानं हात आखडता घेतला. जानेवारी १९६० मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या संयुक्त अणुऊर्जा समितीनं लष्करी अधिकाऱ्यांना बोलावून याचा जाब विचारला. पुढं १९६२ मध्ये, देशाच्या दुसऱ्या टोकाला, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या नॅटिक गावी याच कामासाठी एक प्रयोगशाळा सुरू झाली. १९८० मध्ये लष्करानं ती जबाबदारी कायमची सोडून दिली.

१९५३ ते १९८० या काळात या कामाचा पैसा मंजूर झाला, थांबला, पुन्हा मंजूर झाला, पुन्हा आटला. त्याची हकिकत विज्ञानाच्या इतिहासात सहसा दोन ओळींत उरकली जाते. मला ती मोठी वाटते, कारण सरकारी पैसा कशाकडे सहज वळतो आणि कशाकडे वळत नाही, हे तिच्यात स्पष्ट दिसतं. इमारत, यंत्रं आणि किरणस्रोत यांना पाठीराखे भेटले. त्यातून बाहेर पडणारं मांस खाण्यास निर्धोक आहे हे दाखवायला जी सलग वर्षं लागतात, त्यांना पाठीराखा भेटला नाही.

सैन्याची मूळ गरज खरी होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिक पॅसिफिकमधल्या बेटांपासून युरोपच्या चिखलापर्यंत डबाबंद अन्नावर लढले. डब्यातलं मांस टिकतं, पण ते टिकवण्यासाठी डबा इतका तापवावा लागतो की मध्यभागापर्यंत उष्णता पोचेस्तोवर कडेचं मांस शिजून लगदा होतं. महिनोन्‌महिने तेच खाणाऱ्याला त्याचा वीट येतो आणि अर्धा डबा फेकला जातो. ताजं मांस गोठवून न्यायचं तर जहाजापासून छावणीपर्यंत शीतगृहांची साखळी लागते, आणि शत्रूनं ती कुठंही तोडली की सगळा माल नासतो. तापवल्याशिवाय जंतू मरतील, बर्फाशिवाय मांस टिकेल आणि पानात पडल्यावर ते मांसासारखं लागेल, अशी एखादी युक्ती रसद विभागाला हवी होती.

क्ष-किरणांनी जंतू मरतात हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून माहीत होतं. १९४३ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत बर्नार्ड प्रॉक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लष्करासाठी खिम्यावर क्ष-किरण सोडून पाहिले. खिमा बराच काळ टिकला. पण त्या काळच्या क्ष-किरण नळ्या इतक्या दुबळ्या होत्या की त्यांच्यावर एका पलटणीचा स्वयंपाकही भागला नसता. युद्धानंतर चित्र पालटलं. इलेक्ट्रॉनांना प्रचंड वेग देणारी यंत्रं आली. अणुभट्ट्यांमधून कोबाल्ट-६० मिळू लागलं, आणि वापरून झालेल्या इंधनकांड्याही गॅमा किरण फेकत पाण्याच्या हौदांत पडून होत्या. त्या कांड्यांचं करायचं काय, हा प्रश्न अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगापुढं होताच.

डिसेंबर १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी संयुक्त राष्ट्रसंघात अणूच्या शांततामय वापराचं भाषण केलं. ते स्वतः महायुद्धातले सरसेनापती होते, म्हणजे रसद काय असते हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्याच वर्षी लष्कराच्या क्वार्टरमास्टर, म्हणजे रसद विभागानं अन्न विकिरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. शिकागोतली लष्कराची अन्न संस्था त्याचं केंद्र झाली. विद्यापीठांना कंत्राटं गेली, आयडाहोतल्या अणुभट्टीच्या इंधनकांड्यांजवळ अन्नाचे डबे ठेवले जाऊ लागले, आणि डेन्व्हरच्या लष्करी वैद्यकीय प्रयोगशाळेत स्वयंसेवक पंधरा-पंधरा दिवस किरणित अन्न खाऊ लागले. हिरोशिमानंतर आठ वर्षांत त्याच अणूकडून जेवणाचं ताट मिळणार, या कल्पनेचं राजकारण्यांना आकर्षण वाटणं स्वाभाविक होतं. पैसा सैल सुटला तो या हवेत.

या कामात किरणांच्या मात्रेला फार महत्त्व आहे, म्हणून तिच्याबद्दल थोडं सांगायला हवं. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून ६० ते ९० ग्रे मात्रा पुरते (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचं एकक). मासे बर्फात दुप्पट दिवस टिकावेत यासाठी एक-दोन हजार ग्रे, म्हणजे एक-दोन किलोग्रे. पण लष्कराला बर्फाशिवाय वर्षानुवर्षं टिकणारं मांस हवं होतं. तिथं शत्रू बोट्युलिनम नावाचा जंतू. हवाबंद डब्यात तो वाढतो, त्याचं विष जीवघेणं असतं आणि त्याचे बीजाणू किरणांना फार चिवट असतात. त्यांचा नायनाट करायला सुमारे ४५ किलोग्रे लागतात, कांद्याच्या पाचशे पट. एवढी मात्रा दिली की मांसाला ओल्या कुत्र्याच्या अंगासारखा वास येतो, रंग बदलतो. शिवाय किरणांनी जंतू मेले तरी मांसातली विकरं (एन्झाइम) निकामी होत नाहीत. ती आपलं काम चालू ठेवतात आणि मांस साठवणीत आतून मऊ पडतं. उपाय हळूहळू सापडत गेले. मांस आधी अर्धवट तापवून विकरं निकामी करायची, मग निर्वात पुड्यात बंद करायचं, शून्याखाली वीस-तीस अंशांपर्यंत गोठवायचं आणि गोठलेल्या अवस्थेतच किरण द्यायचे. थंडीमुळं दुष्परिणाम करणारी रसायनं हलत नाहीत आणि चव बरीचशी टिकते. पण १९५९ मध्ये हे सगळं ज्ञान हाताशी नव्हतं. लष्कर अणुभट्टी बांधायला निघालं तेव्हा त्या भट्टीत काय शिजणार, हे धड ठरलेलं नव्हतं.

त्यातच १९५८ मध्ये कायदा बदलला. या सगळ्या प्रकरणाची खरी गाठ मला इथं दिसते.

रोजच्या अन्नात कारखानदार जी रसायनं घालू लागले होते, त्यांना लगाम घालण्यासाठी अमेरिकी काँग्रेसनं अन्न कायद्यात दुरुस्ती केली. नवा पदार्थ अन्नात मिसळायचा असेल तर तो निर्धोक आहे हे आधी सिद्ध करा, मगच परवानगी मिळेल, असा तिचा गाभा. लोकहिताचा, उत्तम कायदा. त्याच्या व्याख्येत एक भर पडली: किरणांचा स्रोत हाही अन्नात मिसळलेला पदार्थ मानला जाईल. डबा तापवणं, मांस गोठवणं, धुरावर भाजणं या प्रक्रिया मानल्या गेल्या, त्यांना कुणी पुरावा मागितला नाही. किरण देणं मात्र कायद्याच्या दृष्टीनं रंग किंवा संरक्षक रसायन घालण्यासारखं ठरलं. आणि याच दुरुस्तीत असंही कलम होतं की ज्या पदार्थानं प्राण्यांना कर्करोग होतो, तो कितीही थोडा असला तरी चालणार नाही.

कागदावर हे सावधपणाचं वाटतं, प्रयोगशाळेत त्याची कोंडी झाली. एखाद्या रंगाची परीक्षा करायची तर माणूस जेवढा खाईल त्याच्या शंभरपट रंग उंदराला चारतात आणि बाधा होते का पाहतात. किरणित मांसाचं तसं करता येत नाही. इथं तपासायचा पदार्थ म्हणजे अख्खं मांसच. उंदराला शंभरपट मांस कसं चारणार? फार तर त्याच्या आहाराचा तिसरा हिस्सा मांस करता येतो, आणि तेवढ्यानंही आहाराचं संतुलन बिघडतं. मग उंदीर आजारी पडला तर तो किरणांमुळं की नुसत्या मांसामुळं? पन्नाशीच्या दशकात असंच घडलं. किरणित गोमांस खाणारे उंदीर रक्तस्रावानं मरू लागले तेव्हा मोठी घबराट झाली. शोध घेतल्यावर समजलं की त्या आहारात ‘के’ जीवनसत्त्व मुळातच कमी होतं आणि किरणांनी उरलंसुरलं गेलं होतं. जीवनसत्त्व दिलं की उंदीर ठणठणीत राहिले. हे उलगडायला वर्षं गेली, आणि त्या दरम्यान प्रत्येक मेलेला उंदीर अर्थसंकल्पाच्या चर्चेत हजर होता.

असा सगळा गुंता असताना शार्प डेपोतल्या केंद्रासाठी पैसा ओतायचा की नाही, हा प्रश्न लष्करापुढं आला. चव समाधानकारक नाही, प्राण्यांवरच्या चाचण्या अपुऱ्या आहेत, आणि नवीन कायद्याखाली परवानगी मिळाल्याशिवाय सैनिकाच्या पानात घासही पडणार नाही. लष्करानं केंद्र रद्द केलं. मला तरी हा निर्णय या सगळ्या काळातला सर्वांत प्रामाणिक निर्णय वाटतो. हातात पुरावा नसताना कारखाना बांधायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ होता.

संयुक्त अणुऊर्जा समितीला तो तसा वाटला नाही. अमेरिकी काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांचे सदस्य असलेली ही समिती त्या काळी विलक्षण वजनदार होती. अणूशी संबंधित प्रत्येक गोष्टीवर तिची नजर असे आणि शांततामय अणूचं यश तिला स्वतःचं यश वाटे. इलिनॉयचे मेल्विन प्राइस हे तिच्या संशोधन उपसमितीचे प्रमुख होते आणि अन्न विकिरणात त्यांनी मनापासून लक्ष घातलं होतं. सोव्हिएत संघानं १९५८ मध्ये किरणित बटाट्यांना आणि पुढच्या वर्षी धान्याला परवानगी दिली होती. कॅनडा बटाट्यांना परवानगी देण्याच्या वाटेवर होता. अशा वेळी अमेरिका मागं हटते हे समितीला रुचणारं नव्हतं. तिच्या हाती अणुऊर्जा आयोगाची नाडी होती. लष्कराचा अर्थसंकल्प वेगळ्या समित्यांकडे होता, तिथं तिची थेट सत्ता चालत नव्हती, पण सुनावणीत अधिकाऱ्यांना बसवून प्रश्न विचारण्याचा दबाव पुरेसा ठरला.

त्यातून तडजोड निघाली. अणुभट्टीची कल्पना सोडून द्यायची. लष्करानं जास्त मात्रेच्या, म्हणजे पूर्ण निर्जंतुकीकरणाच्या कामावर लक्ष द्यायचं. फळं, मासे, धान्य यांचं कमी मात्रेचं काम अणुऊर्जा आयोगानं घ्यायचं. आयोगानं ते जोमानं केलं. ग्लुस्टर बंदरात १९६४ मध्ये माशांसाठी विकिरण केंद्र उघडलं, पुढं हवाईत फळांसाठी. लष्करानं नॅटिक निवडलं, कारण तिथं कोचिचुएट तळ्याकाठी त्याचं संशोधन केंद्र १९५४ पासून होतंच. १९६३ मध्ये शिकागोची अन्न संस्थाही तिथं हलवली गेली.

नॅटिकची प्रयोगशाळा पाहायला येणारे लोक थक्क होत. पाण्याच्या खोल हौदात सुमारे १३ लाख क्युरी कोबाल्ट-६० निळसर प्रकाश देत बुडवून ठेवलेलं. शेजारच्या दालनात २४ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचं, १८ किलोवॉटचं लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर. भोवती काँक्रीटच्या जाड भिंती. मांसाचे डबे सरकत्या वाहकावरून आत जात आणि किरण घेऊन बाहेर येत. अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांना दाखवण्याजोगं, छायाचित्र काढण्याजोगं हे ठिकाण होतं. पण कोबाल्टचा एक गुण अर्थखात्याच्या वर्षाला जुमानत नाही. दर सव्वापाच वर्षांनी त्याची ताकद निम्मी होते. कुणी वापरो न वापरो, वर्षाला सुमारे १२ टक्के शक्ती आपोआप उडून जाते. अ‍ॅक्सिलरेटर बंद ठेवता येतं, कोबाल्ट नाही. म्हणजे एकदा केंद्र उभारलं की ते तसंच राखायलाही दरसाल पैसा लागणार, आणि काम लांबलं तर तो पैसा नुसत्या वाट पाहण्यावर जाणार.

सुरुवात मात्र झोकात झाली. फेब्रुवारी १९६३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं लष्कराच्या अर्जावरून डबाबंद किरणित बेकनला मंजुरी दिली. बेकन म्हणजे मिठात मुरवलेलं डुकराचं मांस. मिठामुळं त्यात जंतूंचं बळ आधीच कमी असतं आणि त्याचा उग्र स्वाद किरणांचा वास झाकतो, म्हणून पहिला मान त्याला मिळाला. त्याच वर्षी गव्हातले किडे मारण्यासाठी आणि पुढच्या वर्षी बटाट्यांसाठी परवानगी आली. १९६५ मध्ये लष्कराच्या सर्जन जनरलनी जाहीर केलं की ५६ किलोग्रेपर्यंत मात्रा दिलेलं अन्न निर्धोक आणि पोषक आहे. बेकन सैनिकांच्या भोजनालयांत वाढलं जाऊ लागलं. १९६६ मध्ये हॅमसाठी, म्हणजे डुकराच्या मांडीच्या मांसासाठी, अर्ज गेला. लष्कराचा समज असा होता की आता एकेक मांस ओळीनं सुटत जाईल.

१९६८ मध्ये सगळं उलटलं. हॅमचा अर्ज तपासताना प्रशासनाच्या शास्त्रज्ञांनी जुनी कागदपत्रंही पुन्हा उघडली. किरणित अन्न खाणाऱ्या प्राण्यांच्या काही गटांत पिलं कमी जगलेली दिसली, वजनं कमी भरलेली दिसली. त्याहून गंभीर आक्षेप प्रयोगांच्या मांडणीवर होता. प्राण्यांची संख्या इतकी थोडी, नोंदी इतक्या अपुऱ्या आणि तुलनेचे गट इतके ढिले, की त्यातून ‘बाधा आहे’ हेही ठरत नव्हतं आणि ‘बाधा नाही’ हेही नाही. कायदा तर निर्धोकपणाचा पुरावा मागत होता. लष्करानं हॅमचा अर्ज मागं घेतला आणि बेकनला पाच वर्षांपूर्वी दिलेली मंजुरी प्रशासनानं रद्द केली. त्या जुलैत प्राइस यांच्या उपसमितीनं सुनावणी घेतली, कडक प्रश्न विचारले, पण उंदरांच्या नोंदी काही तिला बदलता येत नव्हत्या.

या घटनेला पुष्कळ जण प्रशासनाचा अडेलपणा म्हणतात. मला ते पटत नाही. पन्नाशीच्या दशकात चाचण्यांची कंत्राटं तुकड्या-तुकड्यांनी, वेगवेगळ्या विद्यापीठांना, वर्षा-दोन वर्षांच्या मुदतीनं दिली गेली. १९५९ मध्ये कार्यक्रम आटला तेव्हा काही कामांवर त्याची छाया पडली, १९६० नंतर नव्या लोकांनी ती पुढं नेली. पिढ्यान्‌पिढ्या उंदीर पाळून चालणारा प्रयोग असा तुटक पैशावर नीट होत नाही. नॅटिकच्या काँक्रीटसाठी जेवढा आग्रह धरला गेला, तेवढा या उंदरांच्या पिंजऱ्यांसाठी कुणी धरला असता, तर १९६८ मध्ये निर्णय कुठलाही लागला असता, पण तो पुराव्यावर लागला असता.

परिणाम दूरवर पोचले. अणुऊर्जा आयोगानं आपलं कमी मात्रेचं काम हळूहळू गुंडाळलं. लष्करानं मात्र हट्ट सोडला नाही. एडवर्ड जोसेफसन आणि मूळचे आइसलंडचे भौतिकशास्त्रज्ञ आरी ब्रिन्योल्फसन यांच्यासारख्या माणसांनी नॅटिकचं काम चालू ठेवलं, आणि गोठवून किरण देण्याची पद्धत याच काळात परिपक्व झाली. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ च्या अंतराळवीरांनी किरणांनी निर्जंतुक केलेलं हॅम खाल्लं. तेच मांस पृथ्वीवरच्या सैनिकाला देण्याची परवानगी नव्हती.

या वेळी चाचण्या पहिल्यापासून, मोठ्या प्रमाणावर करायचं ठरलं. १९७१ मध्ये गोमांसाच्या चाचणीचं कंत्राट इलिनॉयमधल्या इंडस्ट्रियल बायो-टेस्ट लॅबोरेटरीज या खासगी कंपनीला मिळालं. देशातल्या औषधांच्या आणि कीटकनाशकांच्या असंख्य चाचण्या तेव्हा हीच कंपनी करत होती. १९७६ मध्ये अन्न व औषध प्रशासनाच्या एका तपासनीसाला तिच्या एका औषधाच्या अहवालात खोट आढळली. धागा ओढत गेल्यावर मेलेल्या प्राण्यांच्या जागी नवे प्राणी आणि न केलेल्या तपासण्यांचे आकडे बाहेर आले. १९८३ मध्ये कंपनीच्या तीन अधिकाऱ्यांना न्यायालयानं दोषी ठरवलं. त्याआधी, १९७७ मध्येच लष्करानं तिच्याशी असलेले करार मोडले होते. सहा वर्षांची मेहनत वापरता येण्याजोगी राहिली नाही. एकदा तुटक पैशामुळं पुरावा अपुरा पडला होता, या वेळी पैसा होता पण ज्याच्या हाती दिला त्यानं विश्वासघात केला. ज्यांनी या कामात उमेदीची वर्षं घातली होती, त्यांच्या मनावर काय गुजरलं असेल याची कल्पना करवत नाही.

आता पाठीराखेही उरले नव्हते. १९७७ मध्ये संयुक्त अणुऊर्जा समितीच बरखास्त झाली. १९७८ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयानं या कार्यक्रमावर अहवाल काढला. हा कार्यक्रम पुढं चालू ठेवण्याजोगा आहे का, असा प्रश्न त्याच्या शीर्षकातच होता. त्या प्रश्नामागची परिस्थिती नॅटिकच्याच आवारात तयार झाली होती. तिथल्याच दुसऱ्या एका गटानं, उद्योगांच्या साथीनं, अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर असलेली लवचीक पिशवी सिद्ध केली होती. पिशवी चपटी असल्यामुळं उष्णता झटकन आत पोचते, मांस लगदा होत नाही, बर्फ लागत नाही आणि डब्याचं ओझंही वाचतं. पिशवीच्या साहित्याची तपासणी झाली. पण त्यातल्या अन्नाला दिलेली उष्णता ही कायद्यानं प्रक्रिया होती, तिला पुरावा मागण्याचं कारणच नव्हतं. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी अमेरिकी सैनिकाच्या हाती तयार जेवणाचं जे ‘एमआरई’ पाकीट आलं, ते या पिशवीवर उभं होतं. विकिरणानं जी अडचण सोडवायची होती, ती सुटली होती.

१९८० मध्ये उरलेला कार्यक्रम कृषी खात्याकडे गेला आणि नॅटिकची विकिरण प्रयोगशाळा बंद पडली. जाता जाता लष्कराकडून एक काम मात्र नीट झालं. १९७६ मध्ये रालटेक या संस्थेला कोंबडीच्या मांसाच्या चाचणीचं कंत्राट दिलं गेलं होतं, ते कृषी खात्यानं पुरं करून घेतलं. २,३०,००० कोंबड्यांचं १३४ टन मांस त्यासाठी लागलं. काही गोठवलं, काही उष्णतेनं निर्जंतुक केलं, काही गॅमा किरणांनी आणि काही इलेक्ट्रॉनांनी. उंदीर आणि कुत्री वर्षानुवर्षं ते खात राहिली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर निष्कर्ष हाती आला: किरणांमुळं बाधा झाल्याचा पुरावा नाही. १९५३ पासून मागितला जाणारा पुरावा आला तो असा, लष्कराला त्याची गरज उरली नव्हती तेव्हा. १९९९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं दहा किलोग्रेहून अधिक मात्रा दिलेलं अन्नही निर्धोक ठरवणारा अभ्यासगटाचा अहवाल प्रसिद्ध केला, त्याच्या पायाशी नॅटिकच्या काळातल्या अभ्यासांचा मोठा वाटा आहे.

कमी मात्रेच्या शाखेचं नशीब निराळं होतं, आणि त्याचा एक धागा आपल्याकडे येतो. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं साठच्या दशकातच कांदा, बटाटा, गहू, मासे यांवर काम सुरू केलं होतं. १९७५ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं कुपोषित मुलांना ताजा किरणित गहू दिल्यावर त्यांच्या रक्तपेशींत दोष दिसल्याचं प्रसिद्ध केलं. पाच-पाच मुलांचे तीन गट, एवढाच तो अभ्यास होता, पण जगभर खळबळ उडाली. भाभा केंद्राच्या प्रयोगांत तसं दिसत नव्हतं. दोन सरकारी संस्था आमनेसामने आल्यावर आकडे तपासायला सरकारनं जे दोघे तज्ज्ञ नेमले, त्यांपैकी एक होते सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत त्यांनी दीर्घ काळ काम केलं होतं. १९७६ च्या त्यांच्या अहवालात हैदराबादच्या आकड्यांतून धोका सिद्ध होत नाही असं मत नोंदवलं गेलं. वॉशिंग्टनला जे पंधरा वर्षांत साधलं नव्हतं, ते इथं निदान करून पाहिलं गेलं: वाद पेटल्यावर यंत्राची बाजू न घेता दोन्हीकडच्या नोंदी एका संख्याशास्त्रज्ञापुढं ठेवल्या गेल्या. तरीही भारतात कांदा, बटाटा आणि मसाल्यांना परवानगी मिळायला १९९४ उजाडलं. २००२ मध्ये लासलगावला विकिरण केंद्र सुरू झालं. २००७ मध्ये त्याच केंद्रातून प्रक्रिया केलेले हापूस अमेरिकेला गेले, आणि त्यासाठी अमेरिकेच्या कृषी खात्यानं लासलगावला प्रमाणपत्र दिलं. लष्कराचा उरलेला कार्यक्रम १९८० मध्ये ज्या खात्याच्या पदरात पडला होता, तेच हे खातं.

अमेरिकेत डुकराच्या मांसाला १९८५ मध्ये, फळांना १९८६ मध्ये, कोंबडीला १९९० मध्ये आणि लाल मांसाला १९९७ मध्ये परवानगी मिळाली, पण या सगळ्या कमी मात्रेच्या. पूर्ण निर्जंतुक केलेल्या मांसासाठी, ज्याच्यापायी शार्प डेपोची अणुभट्टी आखली गेली आणि नॅटिकचं कोबाल्ट विकत घेतलं गेलं, त्यासाठी अन्न व औषध प्रशासनानं १९९५ मध्ये एक नियम केला. मांस गोठलेलं आणि पुड्यात बंद असावं, मात्रा किमान ४४ किलोग्रे असावी, आणि ते फक्त नासाच्या अंतराळमोहिमांसाठीच वापरावं.